रांगेतली तारीख : नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या अमेरिकी ग्रीन कार्डाचा इतिहास

दादरला प्लाझा सिनेमाच्या मागच्या गल्लीत माझे टायपिंगचे आणि झेरॉक्सचे दुकान होते. १९८९ साली सुरू केले, २०१८ साली बंद केले. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षानंतर कॉलेज सोडलेला मी माणूस. इतिहास किंवा कायदा हे विषय वर्गात बसून कधी शिकलो नाही. जे शिकलो ते गिऱ्हाइकांच्या कागदांतून. आणि माझ्या दुकानात येणाऱ्या कागदांत अमेरिकेला जाणाऱ्यांच्या कागदांचा वाटा मोठा होता.

त्या कागदांची एक ठरावीक मालिका असे. शाळा सोडल्याच्या दाखल्याचे इंग्रजी भाषांतर, लग्नाचा दाखला, जुन्या मालकाचे अनुभवपत्र आणि जन्माचा पुरावा. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९चा. तो १ एप्रिल १९७०पासून लागू झाला. त्याआधी जन्मलेल्या अनेकांची नोंदच सापडत नसे. सापडली तर नावाच्या जागी काही नसे, कारण नोंद बारशाच्या आधीची. मग पालिकेकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला आणायचा, आणि घरातल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे करायची: 'मी अमुक, याची आत्या, याच्या जन्माच्या वेळी हयात व जाणती होते.' अशी शेकडो प्रतिज्ञापत्रे मी टाइप केली असतील. कोण कधी आणि कुठे जन्मला, याची अमेरिकेच्या सरकारला एवढी उत्सुकता का, हा प्रश्न मला तिथेच पहिल्यांदा पडला. त्याच्या उत्तरासाठी शनिवारी दुकान लवकर बंद करून न्यू मरीन लाइन्सच्या अमेरिकन वाचनालयात जाऊ लागलो. हा लेख त्या वाचनातून उभा राहिला आहे. तो आत्ताच लिहिण्याला एक घरगुती कारणही आहे. ते योग्य जागी सांगेन.

करार हा गुन्हा

आज अमेरिकेत नोकरीच्या आधारे कायमचे राहायचे, तर बहुतेकांना आधी तिथला मालक लागतो. तो आपल्या वतीने अर्ज करतो, म्हणजे 'स्पॉन्सर' करतो. पण याच देशात एकेकाळी अशी नोकरी आधी ठरवून येणे हा गुन्हा होता, हे वाचले तेव्हा मी चकित झालो.

यादवी युद्धाच्या काळात माणसांची टंचाई होती म्हणून १८६४ साली अमेरिकेने एक कायदा केला. परदेशी मजुराने प्रवासखर्चाच्या बदल्यात एक वर्षापर्यंतची मजुरी मालकाकडे गहाण ठेवावी, असा करार त्याने मान्य केला. आपल्याकडून मॉरिशसला किंवा त्रिनिदादला गेलेल्या गिरमिटियांची आठवण व्हावी असाच हा प्रकार. चार वर्षांत, १८६८ साली, तो कायदा रद्द झाला. पुढे कामगार संघटना बळावल्या. मालक बाहेरून स्वस्त माणसे आणून संप फोडतात, ही त्यांची तक्रार होती. त्यांच्या रेट्यामुळे २६ फेब्रुवारी १८८५ रोजी करारबद्ध परकीय मजुरांना बंदी घालणारा कायदा झाला. असा एक माणूस आणला, की आणणाऱ्याला हजार डॉलर दंड.

या कायद्याने बंदरावर एक चमत्कारिक अवस्था निर्माण झाली. १८८२च्या कायद्याप्रमाणे, जो सरकारवर भार होईल त्याला परत पाठवायचे. १८८५च्या कायद्याप्रमाणे, ज्याची नोकरी आधीच ठरली आहे त्यालाही परत पाठवायचे. म्हणजे उतरणाऱ्याने अधिकाऱ्याला असे पटवायचे, की मला काम नक्की मिळेल, पण ते अजून मिळालेले नाही.

बंदीला अपवादही होते: नट, गायक, व्याख्याते, घरगुती नोकर, आणि देशात न रुळलेल्या नव्या धंद्यासाठी लागणारे कुशल कारागीर, तेही तसा माणूस इथे मिळत नसेल तर. 'इथे मिळत नसेल तर' ही अट लक्षात ठेवावी. पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

कायद्यात सापडले एक चर्च. न्यूयॉर्कच्या होली ट्रिनिटी चर्चने इंग्लंडहून ई. वॉलपोल वॉरन नावाचा धर्मगुरू पगार ठरवून आणला. अपवादांच्या यादीत धर्मगुरू नव्हता, म्हणून दंड झाला. १८९२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कायद्याचे शब्द काहीही असोत, संसदेच्या मनात अंगमेहनतीचे मजूर होते, डोक्याने काम करणारे नव्हते, असा त्या निकालाचा आशय. शिकलेला परदेशी आणि राबणारा परदेशी यांच्यामध्ये अमेरिकी कायद्याने इतकी स्पष्ट रेघ ओढल्याचे मला दिसलेले हे सर्वांत जुने ठळक उदाहरण आहे. आपल्या मुलांचे ग्रीन कार्ड या रेघेच्या वरच्या बाजूला बसते.

शंभर जागांचा देश

भारतीयांना मात्र या रेघेचा बराच काळ उपयोग नव्हता. त्यांचे दार वंशावरून बंद होते. मुंबईचे पारशी कापूस-व्यापारी भिकाजी बलसारा यांना नागरिकत्व मिळाले आणि १९१० साली वरच्या न्यायालयाने ते कायम केले, ते 'गोरा' या शब्दात पारशी बसतो असे धरून. १९१७च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा प्रवेशबंद केला. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भारतीय माणूस सामान्य समजुतीप्रमाणे गोरा नव्हे, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. त्यानंतर ज्यांना आधी नागरिकत्व मिळाले होते त्यांचेही काढून घेण्याची मोहीम चालली.

हे दार पहिल्यांदा किलकिले झाले २ जुलै १९४६ रोजी. ल्यूस-सेलर कायद्यावर ट्रूमन यांनी सही केली. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला आणि वर्षाला शंभर जणांचा कोटा. चाळीस कोटींच्या देशाला शंभर जागा.

१९५२च्या कायद्यात आजच्या पद्धतीचा पाया दिसतो. प्रत्येक देशाच्या कोट्यातला पहिला अर्धा हिस्सा उच्चशिक्षित, तंत्रकुशल आणि देशाला तातडीने हव्या असलेल्या माणसांसाठी राखला गेला, आणि त्यासाठी अर्ज करायचा तो मालकाने. १८८५ साली जो करार गुन्हा होता तो १९५२ साली पात्रता झाला. मजूरमंत्र्याने हरकत घेतली नाही, तर माणूस आत. भारतासाठी याचा अर्थ मात्र शंभरातल्या पन्नास जागा एवढाच.

१९६५ : आठ डॉलरवाली पिढी

३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या कायद्यावर सही केली. मूळ देशावर बेतलेला जुना कोटा गेला. पूर्व गोलार्धाला मिळून वर्षाला १ लाख ७० हजार जागा, आणि कोणत्याही एका देशाला २० हजारांची कमाल मर्यादा. मूळ मसुद्यात कुशल माणसांना पहिला मान होता. तो बदलून नातेवाइकांना मोठा वाटा देण्यात आला. बहुतेक गोरे लोक आपल्या युरोपातल्या नातेवाइकांनाच बोलावतील, असा काही सदस्यांचा हिशेब होता. नोकरी आणि व्यवसाय यांच्यासाठी उरले दोन वर्ग, प्रत्येकी दहा टक्क्यांचे: तिसरा अग्रक्रम डॉक्टर, इंजिनियर, शास्त्रज्ञ अशा व्यावसायिकांचा, आणि सहावा टंचाई असलेल्या कामगारांचा.

आणखी एक बदल शांतपणे झाला. १९५२ साली मजूर खात्याने हरकत घेतली नाही तर चालत होते. १९६५पासून खात्याने स्वतः दाखला द्यायचा, की या कामासाठी इथला माणूस मिळत नाही आणि बाहेरचा घेतल्याने इथल्यांची मजुरी पडणार नाही. यालाच पुढे लोक नुसते 'लेबर' म्हणू लागले. 'लेबर फाइल झालं का?' हा प्रश्न दुकानात मी इतक्या वेळा ऐकला आहे, की बाहेरच्या माणसाला ते बाळंतपणाविषयी बोलताहेत असे वाटावे.

१९६५ सालीच अमेरिकेत वृद्धांसाठी मेडिकेअर योजना आली आणि डॉक्टरांची गरज वाढली. डॉक्टरांना, आणि सुरुवातीच्या काळात अनेक इंजिनियरांनाही, तिसऱ्या अग्रक्रमात मालकावाचून स्वतःच अर्ज करता येत होता. ग्रँट मेडिकल, जी. एस., बी. जे. इथून बाहेर पडलेले डॉक्टर, व्हीजेटीआय, यूडीसीटी, पुण्याचे इंजिनियरिंग कॉलेज आणि पवईची आयआयटी इथले इंजिनियर या दाराने गेले. परकीय चलनाच्या टंचाईमुळे खिशात आठ डॉलर घेऊन उतरल्याच्या ज्या कथा आपण ऐकतो, त्या याच पिढीच्या. ही माणसे उतरली तेव्हा अनेकांच्या हाती नोकरी नव्हती, पण कायमच्या वास्तव्याचा हक्क होता. नोकरी आवडली नाही तर ती दुसऱ्या दिवशी सोडता येत होती.

हे दार फार काळ उघडे राहिले नाही. १९७६ साली दोन कायदे झाले. एकाने परदेशी डॉक्टरांवर नव्या परीक्षांची अट घातली, दुसऱ्याने तिसऱ्या अग्रक्रमालाही नोकरीचे निमंत्रण आवश्यक केले. तोवर आपली माणसे शिकागो, न्यू जर्सी, डेट्रॉइट इथे स्थिरावली होती. १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले, ते या स्थैर्यावर.

'आम्ही नियमाने आलो, तुम्हीही रांगेत थांबा,' असे या पिढीतले काही ज्येष्ठ नव्यांना सांगतात. मी त्यांच्यापैकी अनेकांची पत्रे टाइप केली आहेत आणि त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण ते ज्या नियमाने आले तो नियम वेगळा होता.

१९९०चे गणित

आजची रांग समजायला २९ नोव्हेंबर १९९०चा कायदा समजला पाहिजे. त्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला किमान १ लाख ४० हजार केली आणि त्यांचे पाच वर्ग पाडले. आपल्या बहुसंख्य मुलांचा संबंध दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाशी, म्हणजे ईबी-२ आणि ईबी-३शी येतो. प्रत्येकाला एकूण कार्डांच्या २८.६ टक्के, म्हणजे सुमारे ४० हजार.

त्यावर दोन अटी. एक, कोणत्याही देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांहून जास्त मिळणार नाहीत. चाळीस हजारांचे सात टक्के म्हणजे अठ्ठावीसशे. दोन, या अठ्ठावीसशेत अर्जदाराची बायको आणि मुलेही मोजायची. चौकोनी कुटुंब असेल, तर अठ्ठावीसशे कार्डांत सातशे इंजिनियर बसतात. इतर देशांनी न वापरलेली कार्डे शिल्लक राहिली तरच वर काही मिळते.

याच कायद्याने एच-१बी हा तात्पुरता परवानाही आजच्या रूपात आणला. त्याला वर्षाला ६५ हजारांची मर्यादा, पण देशवार मर्यादा नाही. पुढे तो आकडा काही वर्षे १ लाख ९५ हजारांपर्यंत गेला, मग पुन्हा ६५ हजार झाला, आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २० हजार अधिक. अलीकडच्या वर्षांत मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांत दहापैकी सात भारतीयांचे असतात. आत येणाऱ्या पाइपाला देशाची चाळण नाही, कायम होण्याच्या नळाला आहे. टाकी भरत जाणार हे सांगायला कायदेपंडित लागत नाही.

माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही इथेच मिळाले. देश म्हणजे नागरिकत्वाचा देश नव्हे, जन्माचा. वडील मस्कतला नोकरीला असताना तिथे जन्मलेला मराठी मुलगा भारताच्या रांगेत उभा राहत नाही. त्याचा सख्खा धाकटा भाऊ ठाण्यात जन्मला असेल तर राहतो. बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर नवऱ्याला तिचा जन्मदेश वापरता येतो. आत्याच्या त्या प्रतिज्ञापत्रात जन्मगावाच्या ओळीला किती वजन होते, हे ती टाइप करताना मला माहीत नव्हते.

तीन मजले आणि एक तारीख

मालकाने स्पॉन्सर करायचे म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. पहिला मजला मजूर खात्याचा. आधी त्या कामाचा प्रचलित पगार ठरवून घ्यायचा. मग जागा खरोखर रिकामी आहे असे समजून जाहिराती द्यायच्या: वृत्तपत्रात दोन रविवारी, राज्याच्या रोजगार यंत्रणेत तीस दिवस, आणि आणखी तीन मार्गांनी. ज्या खुर्चीवर आपला मुलगा चार वर्षे बसला आहे, तिच्यासाठी त्याच्याच कंपनीने उमेदवार शोधायचे. पात्र अमेरिकी उमेदवार मिळाला तर अर्ज तिथेच संपला. जाहिरातींनंतर किमान तीस दिवस थांबून, पण १८० दिवसांच्या आत अर्ज करायचा. २८ मार्च २००५पासून ही पद्धत 'पर्म' नावाने संगणकावर आली. त्याआधीच्या तुंबलेल्या लाखो फायली निपटायला डलास आणि फिलाडेल्फिया इथे दोन खास केंद्रे उघडावी लागली होती.

दुसरा मजला आय-१४०चा. पगार देण्याची ऐपत असल्याचे कंपनीने दाखवायचे, आणि अर्जदाराचे शिक्षण व अनुभव जाहिरातीतल्या अटींशी जुळत असल्याचे कागद लावायचे. तिसरा मजला आय-४८५चा, म्हणजे खुद्द ग्रीन कार्डाचा. पण तिथे जायचे तर आपली तारीख यावी लागते. मजूर खात्याकडे अर्ज दाखल झाला तो दिवस म्हणजे प्रायॉरिटी डेट. परराष्ट्र खाते दर महिन्याला पत्रक काढून सांगते, की या महिन्यात अमुक तारखेच्या आधीचे लोक घेऊ. ती तारीख महिन्याला महिनाभर पुढे सरकेल असे मुळीच नाही. कधी ती वर्षभर जागेवर असते, कधी मागे जाते. भारतीयांच्या तिसऱ्या वर्गासाठी ती २००५च्या सुरुवातीला अशीच एकदम मागे गेली, आणि तेव्हापासून 'बुलेटिन' हा शब्द अनेक मराठी घरांत पंचांगातल्या तिथीसारखा रूढ झाला.

या रचनेत अर्जदार मालक असतो, कामगार नव्हे. वाट पाहायची कामगाराने, पण फाइल मालकाची. २०००च्या कायद्याने थोडी सुटका केली: रांगेत असलेल्यांचा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढवता येऊ लागला, आणि आय-४८५ दाखल होऊन १८० दिवस झाले की तशाच कामाची दुसरी नोकरी धरता येऊ लागली. पण त्या तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत नोकरी बदलली, की पहिल्या मजल्यापासून पुन्हा सुरुवात. मंजूर झालेली तारीख तेवढी हातात राहते. नोकरी गेली तर दुसरा मालक शोधायला साठ दिवस, आणि ही साठ दिवसांची सवलतदेखील २०१७पासूनची. एच-१बीवाल्याच्या बायकोला काम करण्याची मुभा २०१५ साली मिळाली, तीही नवऱ्याची फाइल ठरावीक टप्प्यावर असेल तरच. इंजिनियर झालेल्या कितीतरी मुलींची दहा-दहा वर्षे त्याआधी घरात गेली.

फुलांचा जुलै

या रांगेच्या इतिहासात एक प्रसंग आपल्या मातीशी जोडलेला आहे. जून २००७मध्ये परराष्ट्र खात्याने जाहीर केले, की जुलैत जवळजवळ सर्व वर्गांसाठी तारखेची अट नाही, सर्वांनी आय-४८५ भरावा. लोकांनी वैद्यकीय तपासण्या केल्या, इकडून कागद मागवले. माझ्या दुकानात त्या पंधरवड्यात रात्री अकरापर्यंत काम चाले. २ जुलैला खाते म्हणाले, कार्डे संपली, अर्ज घेणार नाही.

तेव्हा 'लगे रहो मुन्नाभाई' येऊन वर्षही झाले नव्हते. त्यातल्या गांधीगिरीवरून सुचून भारतीयांनी इमिग्रेशन खात्याच्या संचालकांना फुले पाठवली. १० जुलैला ती कचेरीत पोचू लागली. संचालकांनी ती लष्करी रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे वळवली. सोबत कोर्टात जाण्याची तयारीही झाली होती. १७ जुलैला निर्णय फिरला, आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले गेले. हे यश खरे, पण अर्ज घेतले म्हणून कार्डे वाढली नव्हती. रांग होती तेवढीच राहिली. तिच्यातल्या काहींना बसायला बाक मिळाले.

सात टक्क्यांची अट काढावी म्हणून नंतर विधेयके आली. १० जुलै २०१९ रोजी प्रतिनिधिगृहाने त्यांतले एक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केले. २ डिसेंबर २०२० रोजी सिनेटने त्याचे वेगळे रूप मंजूर केले. दोन्हींचा मेळ बसण्याआधी त्या संसदेची मुदत संपली. विरोध करणाऱ्यांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. एकूण कार्डे तेवढीच ठेवून अट काढली, तर काही वर्षे बहुतेक सारी भारतीयांना जातील आणि इराणी किंवा नायजेरियन परिचारिकेला थांबावे लागेल. मला हा मुद्दा खोटा वाटत नाही. मूळ दुखणे १ लाख ४० हजार हा आकडा १९९०पासून तिथेच आहे, हे आहे. केटो इन्स्टिट्यूटचे डेव्हिड बियर यांनी २०२३ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे नोकरीच्या रांगेत १८ लाख प्रकरणे होती, त्यांतली ११ लाख भारतीयांची; नव्याने रांगेत उभ्या राहणाऱ्या भारतीयाला १३४ वर्षे लागतील. चार लाखांहून अधिक लोक वाट पाहतच मरतील, असाही त्यांचा अंदाज आहे.

एक अनुभवपत्र

आता घरगुती कारण. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा मेकॅनिकल इंजिनियर. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात त्याने उमेदीची वर्षे काढली, मग मोठ्या कंपनीत गेला आणि २०१० साली एच-१बीवर अमेरिकेला. बरोबर बायको आणि पाच वर्षांची मुलगी. २०१४च्या उन्हाळ्याच्या शेवटी त्याच्या कंपनीने जाहिराती दिल्या. वकिलाने जुन्या अनुभवाची पत्रे मागितली. कारखान्याच्या मालकांकडे टायपिस्ट नव्हता; ते म्हणाले, तुमच्या मामांकडून लेटरहेडवर टाइप करून आणा, मी सही करतो. भाच्याने फोनवर मजकूर सांगितला, मी लिहून घेतला. रुजू होण्याचे वर्ष २००१ होते. मी २००२ टाइप केले. रुजू-पत्राची प्रत माझ्याकडच्या फायलीत होती. उघडून पाहिली असती तर एका मिनिटाचे काम. मालकांनी न वाचता सही केली. मीही पुन्हा वाचले नाही. दुसऱ्यांचे कागद तीन वेळा वाचणारा मी, घरचा म्हणून गाफील राहिलो.

वकिलाच्या कचेरीत ते पत्र एच-१बीच्या जुन्या अर्जाशी ताडून पाहिले गेले आणि वर्ष जुळेना. दुरुस्त पत्र घ्यायला गेलो तर मालक आजारी, रुग्णालयात. दिवाळीनंतर ते गेले आणि कारखान्याला कुलूप लागले. मग दोन जुन्या सहकाऱ्यांना शोधून त्यांची प्रतिज्ञापत्रे केली. नोव्हेंबर २०१४मध्ये जायचा अर्ज गेला तो फेब्रुवारी २०१५मध्ये, जाहिरातींची १८० दिवसांची मुदत संपायला थोडे दिवस उरले असताना. तीन महिने उशीर झाला, एवढेच तेव्हा वाटले. भाचा म्हणाला, 'मामा, जाऊ द्या. एवढ्या मोठ्या रांगेत तीन महिने काय!'

२०२० साली साथ आली. वकिलाती बंद राहिल्याने नातेवाइकांची कार्डे वापरली गेली नाहीत आणि नियमाप्रमाणे ती पुढच्या वर्षी नोकरीच्या वर्गाला मिळाली. २०२१च्या आर्थिक वर्षात १ लाख ४० हजारांऐवजी सुमारे २ लाख ६२ हजार, पुढच्या वर्षी सुमारे २ लाख ८१ हजार. पहिल्या वर्षी कामाच्या संथपणामुळे साठ हजारांहून अधिक वाया गेली. दुसऱ्या वर्षी मात्र खात्याने झपाट्याने वाटली, आणि भारतीयांच्या दुसऱ्या वर्गाची तारीख धावत सुटली. सप्टेंबर २०२२मध्ये ती १ डिसेंबर २०१४वर येऊन थांबली. ऑक्टोबरमध्ये ती २०१२वर मागे गेली. २०२५च्या उन्हाळ्यात ती १ जानेवारी २०१३वर महिनोन्महिने उभी होती.

नोव्हेंबर २०१४ची तारीख असती तर भाच्याच्या घरात तीन वर्षांपूर्वी कार्डे आली असती. त्याच्या कंपनीतल्या, त्याच्यासोबत जाहिराती निघालेल्या एका सहकाऱ्याची आली.

हे मला कुणी सांगितले नाही. जुनी पत्रके लावून या लेखाची टिपणे काढताना ती तारीख समोर आली, तेव्हा मी दुकानाची जुनी फाइल काढली. पत्राची कार्यालयीन प्रत अजून आहे. '२००२'मधला दोनचा आकडा ठळक उमटलेला आहे.

भाचीसून अलीकडे फोनवर जास्त करून मुलीविषयी बोलते. मुलगी २००५ साली गिरगावात जन्मली, येत्या वर्षी एकवीस पूर्ण होतील. कायद्याने एकवीस झालेले अपत्य 'मूल' राहत नाही. वडिलांच्या फाइलमधून त्याचे नाव गळते. २००२ साली मुलांच्या वयाविषयी एक कायदा झाला, पण तो आय-१४० मंजूर व्हायला लागलेले दिवसच वजा करू देतो, रांगेतली वर्षे नाही. पाचव्या वर्षापासून तिथे शाळेत गेलेली ही मुलगी आता परदेशी विद्यार्थिनी म्हणून व्हिसा घेऊन त्याच गावात राहील, आणि शिक्षण झाले की एच-१बीच्या सोडतीत नाव घालेल. एखाद्या मालकाने स्पॉन्सर केलेच, तर तिची तारीख नवी असेल आणि जन्मदेश तोच.

गणेशोत्सवात भाच्याचा फोन आला तेव्हा मी त्याला सगळे सांगितले. अनुभवपत्राचे, डिसेंबर २०१४चे, माझ्या दोनच्या आकड्याचे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'मला २०२२मध्येच कळलं होतं, मामा. तुम्हाला कशाला सांगायचं!' आणि मुलीच्या नव्या व्हिसासाठी तिच्या जन्मदाखल्याची पालिकेची ताजी प्रत हवी आहे, ती काढून पाठवाल का, असे त्याने विचारले.

सोमवारी मी वॉर्ड ऑफिसात गेलो. दाखला मिळाला. नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ. एकेक रकाना मी खिडकीपाशी उभा राहून तीन वेळा वाचला आणि मगच कुरियरच्या पाकिटात घातला.